मंडळाच्या अभ्यासिकेतून मुलांना मानसिक आधार द्यायचा, तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावरच्या वस्तीतून, एका मंडळाच्या कार्यकर्त्याकडून आला आहे: "आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे, चाळीसेक मुलंमुली येतात. गेल्या श्रावणात आमच्यातल्याच एका एकोणीस वर्षांच्या मुलाने जीव दिला. कुणालाच काही कळलं नव्हतं. यंदा वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढून समुपदेशन केंद्र उघडायचं ठरवतोय. एक मानसशास्त्रज्ञ मॅडम दर रविवारी दोन तास यायला तयार आहेत. हे बरोबर आहे का? आणि आमच्यासारख्या या विषयात न शिकलेल्या माणसांनी काय करावं, काय करू नये?"

तुमच्या मित्राबद्दल वाचून फार वाईट वाटलं. "कुणालाच काही कळलं नव्हतं" असं तुम्ही लिहिलंय. मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करताना चोवीस वर्षांत हे वाक्य मी शेकडो घरांतून ऐकलं आहे, आणि ते म्हणणाऱ्याच्या मनात अपराधीपणा किती खोल रुतलेला असतो तेही पाहिलं आहे. म्हणून आधी एवढंच सांगते, की जे दिसलं नाही ते दिसायला हवं होतं असा जाब स्वतःला विचारत राहू नका. तशी चिन्हं ओळखायला तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

आता केंद्राबद्दल. पैसे जमवा, मॅडमना जरूर बोलवा, पण 'समुपदेशन केंद्र' असा फलक इतक्यात लावू नका. मी हे अनुभवातून सांगते आहे. कामाला लागून चारपाच वर्षं झाली असताना आम्ही पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत मोठा फलक लावून खोली उघडली. तीन महिन्यांत सात माणसं आली. त्यातली चार रेशन कार्ड आणि जातीचा दाखला यांची चौकशी करायला आली होती. आम्ही त्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं, कारण ते 'आमचं काम' नव्हतं. त्यांतली एक बाई मात्र पुन्हापुन्हा दाखल्यासाठी येत राहिली. चौथ्या खेपेला माझ्या सहकारिणीने तिच्याबरोबर बसून अर्ज भरला, आणि अर्ज भरता भरता बाई म्हणाली, "दाखला ज्याच्यासाठी काढतेय तो पोरगा चार महिने घराबाहेरच पडलेला नाही." तिथून पुढे आम्ही खोलीवरचा फलक काढला आणि दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, आयटीआयच्या प्रवेशाची माहिती ही कामं मुद्दाम हातात घेतली. ज्या खोलीत शिरताना शेजारीण बघते, त्या खोलीवर 'मानसिक' हा शब्द असेल तर आपल्याकडे कुणी उंबरा ओलांडत नाही. तुमच्याकडे अभ्यासिका आहे, तिथे यायला मुलांना कारण लागत नाही. ही मोठी जमेची बाजू आहे, ती फलक लावून घालवू नका.

लवकर मदत का, हेही थोडक्यात सांगते. मानसिक आजारांपैकी साधारण निम्म्यांची सुरुवात वयाच्या १४व्या वर्षापर्यंत होते आणि पाऊण हिश्शाची पंचविशीच्या आत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना उपचाराची गरज असलेला त्रास आढळला, आणि महानगरांत हे प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. म्हणजे तुमच्या चाळीस जणांत तिघं ते पाच जणं आज, या घडीला अशा अवस्थेत असू शकतात. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यात महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आहे.

मुंबईत उपचार लांब आहेत असं म्हणता येत नाही. विक्रोळीहून स्लो लोकल पकडली की चौथं स्टेशन सायन, तिथे पालिकेचं मोठं रुग्णालय आहे. तरीही माझ्यासमोर येणारी मुलं दोन-दोन, तीन-तीन वर्षं त्रास काढून आलेली असतात. मधल्या काळात छातीत धडधडतं म्हणून दोनदा ईसीजी झालेला असतो, अशक्तपणा म्हणून सलाइन लावलेलं असतं, गावी नेऊन अंगारा लावलेला असतो, कॉलेज सुटलेलं असतं. हा मधला काळ कमी करणं, एवढंच तुमचं काम. त्यासाठी निदान करता यायची गरज नाही.

मुलं हा त्रास कुठल्या शब्दांत सांगतात ते मात्र कानात बसायला हवं. 'डिप्रेशन' हा शब्द हल्ली कुणीही सहज वापरतो, त्यावर फार जाऊ नका. "कशातच मन लागत नाही", "डोकं जड झालंय", "विचारांचा भुंगा थांबत नाही", "रात्री तीनला डोळे उघडतात ते उघडतातच", "घाबरंघुबरं होतं" हे ऐकलंत की सावध व्हा. नियमित येणारा यायचा थांबला, क्रिकेटवेडा मैदानाकडे फिरकेना, अंघोळ टाळायला लागला, हातावर पूर्ण बाह्या घालायला लागला, आपली आवडती वस्तू वाटून टाकली, यातलं काहीही दोन आठवडे टिकलं तर त्याच्या बाजूला जाऊन बसायची वेळ आली आहे असं समजा. आणखी एक प्रकार वेगळा ओळखायला शिका. मुलगा एकटाच पुटपुटतो, टीव्हीवाले माझ्याबद्दल बोलतात म्हणतो, घरच्यांनी जेवणात काही घातलंय असा संशय घेतो, कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणतो. इथे बोलून बघू, वाट बघू असं करू नका. या आजारात उपचाराशिवाय गेलेला प्रत्येक महिना पुढचं बरं होणं अवघड करतो. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

"न शिकलेली माणसं" असं तुम्ही स्वतःला म्हणालात. या बाबतीत जगाचा अनुभव तुमच्या बाजूने आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात सुरू केलेल्या 'संगाथ' संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन सरकारी आरोग्य केंद्रांत बसवलं, आणि नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना त्याचा फायदा होतो हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दाखवलं. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना तयार केलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून त्या माणसांचं ऐकून घेतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीने मानसिक आधाराचा 'आत्मीयता' हा उपक्रम गावातल्याच स्वयंसेवकांकडून चालवून घेतला.

पण मला यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा बिहारमधून मिळाला. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत मुलांच्या आरोग्याचा एक कार्यक्रम राबवला गेला. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या, स्थानिक, साध्या समुपदेशकाने चालवला; काहींत तोच कार्यक्रम शाळेतल्या शिक्षकाने चालवला. समुपदेशकाच्या शाळांत मुलांचं नैराश्य, दादागिरी, मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांच्या शाळांत तसा फरक दिसला नाही. मी त्याचा अर्थ असा लावते की जो आपल्याला मार्क देतो, हजेरी घेतो, ओरडतो, त्याच्यापुढे मूल मन मोकळं करत नाही, मग तो माणूस कितीही चांगला असो. तुमच्याकडे याचा अर्थ सरळ आहे. अभ्यासिकेची फी गोळा करणारा, मोबाइल जप्त करणारा, शिस्त लावणारा कार्यकर्ता ऐकणारा म्हणून नको. पक्षाचा पदाधिकारी नको. आणि जो सगळ्यांना हक्काने सल्ले देतो तो तर नकोच.

मग कोण? मुलांनाच विचारा. एका चिठ्ठीवर, नाव न घालता लिहायला सांगा: "तुला काही झालं तर वस्तीत कुणाला सांगशील?" आमच्या एका वस्तीत तीन चिठ्ठ्यांवर झेरॉक्सच्या दुकानातल्या वहिनींचं नाव आलं होतं. त्या मंडळाच्या कुठल्याच समितीत नव्हत्या. पुढे सहा वर्षं त्या आमच्या सगळ्यात भरवशाच्या कार्यकर्त्या होत्या. असे चारपाच जण निवडा, त्यात निदान दोन बायका हव्यात.

तुमच्या मॅडमचे रविवारचे दोन तासही मी वेगळे वाटेन. पहिला तास त्यांनी मुलांना देऊ नये, या चारपाच जणांना द्यावा. आठवड्यात कोण भेटलं, काय बोलणं झालं, कुठे अडलो, कुठे चुकलो, हे नाव न घेता त्यांच्यापुढे मांडायचं. दोन दिवसांचं शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटलं आणि पुढे कुणी विचारलंच नाही, तर चांगला माणूसही सहा महिन्यांत एकतर थकतो किंवा उपदेश करायला लागतो. दुसरा तास ज्यांना खरंच तज्ज्ञाची गरज आहे अशांसाठी, आणि त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसाने त्याला सोबत घेऊन यायचं.

ऐकायचं कसं, यावर लोक मला तंत्र विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराबद्दल २०११ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत तीन शब्द आहेत, मराठीत सांगायचं तर बघा, ऐका, जोडून द्या. मी त्यात मुंबईची एक गोष्ट घालते: जागा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे मूल बोलणार कुठे? अभ्यासिकेत समोरासमोर खुर्च्या टाकून "बोल आता" म्हटलं की ते गप्प होतं. स्टेशनपर्यंत चालत जा. गच्चीवर जा. मुलगे हाताला काम असताना जास्त बोलतात, गणपतीची सजावट करताना, गोविंदाच्या सरावानंतर पाय पसरून बसलेले असताना. त्या वेळी त्यांच्या बाजूला असा, समोर नको. "टेन्शन घेऊ नको", "आमच्या वेळी तर याहून वाईट होतं", "आईबापाकडे बघ जरा", ही वाक्यं तोंडात येतील तेव्हा गिळा. "मग?" आणि "कधीपासून?" एवढे दोन शब्द बऱ्याचदा पुरतात. आणि बोलणं संपताना पुढची भेट ठरवा, वार आणि वेळ सांगून. ती मात्र चुकवू नका.

मुलींचा विचार वेगळा करावा लागेल. संध्याकाळी सातनंतर त्या अभ्यासिकेत थांबत नसतील. त्यांचे मोबाइल भाऊ तपासतो, म्हणून मेसेजवर काही विचारू नका. बचत गटाची बैठक, शिवणाचा क्लास, अंगणवाडी, आरोग्यसेविका किंवा आशाताईंची फेरी, या वाटांनीच त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं. वस्तीत काम करणाऱ्या आशाताईंना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

आता ज्याला सगळे घाबरतात तो प्रश्न. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारायचं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो हा गैरसमज आहे. अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही, आणि माझा अनुभव तर असा की विचारलं की मूल सुस्कारा टाकतं, कारण इतके दिवस ते एकटंच ते ओझं वाहत असतं. उत्तर "हो" आलं तर चेहरा घाबरलेला दिसू देऊ नका आणि शपथा घालू नका. त्याला एकटं सोडायचं नाही. "तुझ्या घरातल्या कुणाला सांगूया?" हे त्यालाच विचारा आणि त्या माणसाला बोलवा. घरातली औषधं आणि विषारी वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवायला सांगा. आजच करतो असं म्हणत असेल तर थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं, रात्र असली तरी. 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली. तो क्रमांक प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये आजच टाकून घ्या, गरज पडल्यावर शोधत बसायला नको.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलाला रुग्णालयात नेतच नाहीत. त्यांना समजावून सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम राहिलेलं नाही. रुग्णालयात नोंद होते, जबाब विचारतात, तेवढ्यासाठी उपचार अडवू नका.

आणि एक नाजूक गोष्ट. तुमच्या मित्राचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स अजून नाक्यावर असेल, तर त्याच्या घरच्यांशी बोलून, त्यांचा मान राखून तो उतरवा. तुमचं प्रेम मला कळतं. पण हारात, रोषणाईत, मोठ्या फोटोत दिसणारा मित्र रोज बघताना त्याच वयाच्या, आतून खचलेल्या मुलाच्या मनात काय येतं याची मला काळजी वाटते. अशा मृत्यूनंतर जवळच्या मुलांतला धोका वाढतो हे माहीत असलेलं आहे. त्याची आठवण काढायची तर तो कसा खेळायचा, कसा हसायचा यावर बोला. कसा गेला त्याच्या तपशिलात जाऊ नका. वर्षश्राद्धाच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस त्याच्या जिवलग मित्रांना एकेकटं गाठून भेटा. सभागृहात सगळ्यांना एकत्र बसवून रडायला लावणारा कार्यक्रम कृपा करून ठेवू नका.

गुप्ततेबद्दल सुरुवातीलाच खरं सांगायचं: "तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार केला असेल, तर मला मदतीला आणखी माणसं घ्यावी लागतील." अठरा वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट कळवणं बंधनकारक आहे. वहीत नावं लिहू नका, आणि या कामाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका.

रुग्णालयापर्यंत नेण्यात माझी एक मोठी चूक झाली, ती सांगते. वीस वर्षांचा मुलगा होता, आवाज ऐकू यायचे. घरच्यांना गावी देवाला कौल लावायला जायचं होतं. मी तेव्हा नवी होते, तावातावाने म्हणाले, "एक काय ते ठरवा, देव की औषध." ते गेले आणि एक वर्ष परत आले नाहीत. परत आले तेव्हा मुलगा कितीतरी जास्त आजारी होता, आणि त्या आईने माझ्याकडे पाहायचं टाळलं. त्यानंतर मी कुणालाही असं निवडायला लावलं नाही. नवस करा, कौल लावा, गोळी मात्र रोज रात्री घ्या आणि पुढच्या तारखेला या. मारहाण, उपासमार, साखळदंड असेल तिथे ठाम उभं राहायचं. बाकी श्रद्धेशी भांडायचं नाही.

सायन, केईएम, नायर, कूपर, जेजे, या सगळ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे आणि खर्च परवडणारा आहे. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. केसपेपर कुठे काढायचा कळत नाही, रांगेत अर्धा दिवस जातो, बापाचा खाडा होतो, आणि 'मनोविकार' अशी पाटी वाचून मुलगा जिन्यावरूनच मागे फिरतो. म्हणून तुमच्यातलं कुणीतरी बरोबर जायचं. पहिल्या भेटीला तर जायचंच, दुसऱ्या भेटीला आणखी आवर्जून जायचं, कारण बरेच उपचार पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मध्ये सुटतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोनतीन आठवडे लागतात. झोप येते, तोंड कोरडं पडतं हे त्रास आधी जाणवतात, आणि चौथ्या दिवशी पाकीट कपाटात जातं. त्या चौथ्या दिवशी तुमच्यापैकी कुणी घरी डोकावलं तर फार फरक पडतो. विभागात सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांना गाठा, त्यांच्याशी ओळख ठेवा.

बटन (नशेच्या गोळ्या), गांजा, एमडी (नशेची पावडर) यांच्या नादाला लागलेल्या मुलांना अभ्यासिकेतून हाकलू नका. त्यातली बरीच आधी झोपेसाठी किंवा भीती मारण्यासाठी त्याकडे वळलेली असतात. विकणाऱ्याला मात्र आत येऊ देऊ नका, तिथे पोलिसांची मदत घ्या.

तुमच्या मुलांच्या कॉलेजांकडेही मागणी करा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या, पोच घ्या.

वर्गणीतून काढलेले पैसे कुठे लावायचे, तर मॅडमच्या मानधनाला, सोबत जाणाऱ्याच्या प्रवासाला आणि ज्याचा खाडा होतो त्या पालकाच्या एका दिवसाच्या मजुरीला. खुर्च्या, पडदे, उद्घाटन यांना एक रुपयाही नको. आणि पुढच्या आठवड्यात एक सकाळ काढून तुम्ही चारपाच जण सायनला जाऊन या, कुणी आजारी नसताना. केसपेपरची खिडकी, मनोविकार विभागाचा मजला, तिथल्या सामाजिक कार्यकर्त्यांचं नाव, ओपीडीचे वार, सगळं वहीत उतरवून आणा. गेल्यावर काय दिसलं ते मला कळवा, मग ज्या मुलाचं नाव आत्ता तुमच्या मनात आहे त्याच्याबद्दल बोलू.